देवमाशांसाठी चौतीस सह्या

मी नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि तोही लांबूनच, कारण साडी भिजेल म्हणून सासूबाईंनी पुढे जाऊ दिलं नव्हतं. देवमासा तर मी आजतागायत पाहिलेला नाही. तरी एका हिवाळ्यात मी देवमाशांपायी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली वीसेक घरं पालथी घातली, नवऱ्याशी दोन आठवडे अबोला धरला आणि अकरा वर्षांच्या लेकीकडून बोलणी खाल्ली. त्या हिवाळ्याबद्दल कुणी विचारलं की माझी मान ताठ होते. का, ते सांगते.

दोन हजार सातचा जानेवारी होता. नवरा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, रोज सकाळी ट्रेनने शिकागोला जायचा. मी त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे मला नोकरीची परवानगी नाही. नागपुरात सात वर्षं मी शाळेत शिकवलं होतं. चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करायचे. इथे येऊन गप्प करायला कुणी उरलंच नव्हतं. लेक सहावीत, जात्याच अबोल. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. आमच्या मराठी गोतावळ्यात यायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायला लागायचं. "आई, युअर फ्रेंड्स आर सो लाउड," हे ठरलेलं वाक्य.

अशी ती पोरगी एक दिवस शाळेतून आली आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली. "आई, तुझ्या फ्रेंड्सना व्हेल्सबद्दल काही वाटेल का?"

मी कणीक मळत होते. म्हटलं, "म्हणजे काय वाटेल?"

मग तिने सांगितलं. तिच्या सायन्सच्या बाई शाळेत निसर्ग क्लब चालवायच्या. देवमाशांच्या शिकारीबद्दल ठरवायला जगातल्या देशांचं एक मंडळ आहे आणि त्याची सभा त्या मे महिन्यात अलास्कात भरणार होती. धंद्यासाठी देवमासे मारायचे नाहीत, असं त्या मंडळाने वीसेक वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. पण आदल्याच वर्षी आइसलंडने बंदी झुगारून शिकार पुन्हा सुरू केली होती, तीही संपत आलेल्या फिन देवमाशांची. जपानच्या बोटी संशोधनाच्या नावाखाली मारतच होत्या आणि मांस बाजारात जात होतं. आता पुढच्या हंगामात त्या हंपबॅकही मारणार होत्या. हंपबॅक म्हणजे पाण्याखाली गाणारे, तासन्‌तास गाणारे देवमासे. तर अमेरिकेतून सभेला जाणाऱ्या प्रतिनिधींनी बंदीच्या बाजूने ठाम उभं राहावं, असं पत्र क्लबच्या मुलांनी लिहिलं होतं. प्रत्येकाने त्याखाली मोठ्या माणसांच्या सह्या आणायच्या होत्या. ज्याची सही त्याचं नाव, गाव आणि फोन.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "शनिवारी आपल्याकडे हळदीकुंकू आहे. एका दुपारी भरून देते तुझे कागद!"

एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. माझ्या माणसांकडून मागितलं होतं. मी हवेत नसते तरच नवल.

शनिवारी बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत बावीस बायका. दारात बुटांचा ढीग, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेलं एक तान्हं बाळ, आणि वाण म्हणून मी भारतातून मागवलेल्या स्टीलच्या गाळण्या. लेकीने परकर-पोलका घालायला नकार दिला नाही, इथेच मला कळायला हवं होतं की तिच्या दृष्टीने हे किती मोठं आहे. हातात क्लिपबोर्ड घेऊन ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि बोलायला लागली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. भाल्याच्या टोकाला स्फोटक असतं, तो आत शिरून फुटतो. तरी देवमासा लगेच मरत नाही. "आणि काकू, त्यांना एका टायमाला एकच बेबी होतं. वर्षं जातात मोठं व्हायला. म्हणून ते परत वाढत नाहीत." क्लिपबोर्ड छातीशी घट्ट धरला होता, पण थांबली नाही. तान्ह्या बाळाच्या आईने डोळ्यांना पदर लावला. मी मनात म्हटलं, अगं बाई, ही माझीच का?

मग कागद फिरायला लागले. आणि इथे आम्ही जे केलं ते आम्हीच करू जाणे. पहिलीने सही केली आणि म्हणाली, "थांब गं, ह्यांची पण करून टाकते." तिने खालच्या ओळीत नवऱ्याचं नाव लिहून त्याची सही ठोकली. झालं! दुसरीने नवऱ्याची केली, दिराची केली. तिसरी म्हणाली, "आमचे हे काय नाही म्हणणार आहेत? घरातलं सगळं मीच सही करते, शाळेची डायरी काय न् कुरिअर काय." एक काकू होत्या, उखाणा घ्यायचा म्हटलं की लाजून लाल व्हायच्या. पण लिहायला काही लाजल्या नाहीत, नवऱ्याचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट लिहिलं. मीही मागे राहिले नाही. माझ्या नवऱ्याची सही मला इतकी छान येते की त्यालाही येत नसेल. तीन कागदांवर वीस-वीस ओळी, साठच्या साठ भरल्या. एवढ्या गडबडीत पत्र कुणी वाचलं नाही. मीसुद्धा नाही.

लेक तेव्हा आत तिळगुळाचं ताट भरत होती. भरलेले कागद पाहून तिने मला सगळ्यांदेखत मिठी मारली.

पुढच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. भेटायला या.

झालं होतं असं. बाई प्रत्येक कागदावरच्या दोन-चार लोकांना आभाराचा फोन करायच्या. आमच्या कागदावरून त्यांनी एका गृहस्थांना फोन लावला. आमच्या मागच्या गल्लीतलेच काका. त्यांना वाटलं, इमिग्रेशनवाल्यांचा फोन! बिचाऱ्यांनी घाबरून सांगितलं, "मी कुठेही, कशावरही सही केलेली नाही. माझं नाव तुम्हाला दिलं कुणी?" मग बाईंनी कागद नीट पाहिले. दोन-दोन, तीन-तीन ओळी एकाच अक्षरात.

बाई पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. त्या शांतपणे म्हणाल्या, की एक सही खोटी निघाली तर अख्खा गठ्ठा केराच्या टोपलीत जाऊ शकतो. बाकीच्या मुलांच्या कष्टांवर पाणी फिरेल. तेव्हा हे कागद घेता येणार नाहीत. मी सांगायचा प्रयत्न केला, की आमच्यात एकाने केली की घराची झाली, त्यात फसवाफसवी नसते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्यांना माहीत तरी होतं का?"

कप्पाळ! मी ते तिन्ही कागद गोळा करून पर्समध्ये कोंबले.

गाडीत लेक मागच्या सीटवर बसली. एरवी पुढे बसायला भांडायची. क्लबमधल्या एका मुलाने तिला विचारलं होतं, "तू सगळ्या सह्या स्वतःच केल्यास का?" हे तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं. घराजवळच्या सिग्नलला म्हणाली, "आई, यू वेअर अ टीचर."

प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही आणणारी पोरं मी पंधरा पावलांवरून ओळखायचे. बाकावर उभी करायचे. एकाला तर बापाला घेऊन ये म्हणून घरी पाठवलं होतं. आणि आता माझीच पोर मला बाकावर उभी करत होती. लाज वाटली. स्पष्ट सांगते, इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

घरी आल्यावर मी हात धुतले, चहा ठेवला आणि म्हटलं, "बाईंना विचार, कागद कधीपर्यंत चालतील?" दोन आठवडे होते. "मग चल. एकेका घरी जाऊ. मी माफी मागते, तू सह्या माग."

तिने अट घातली. नवे कागद. ज्याची सही त्यानेच करायची, पत्र वाचून करायची, आणि जो नको म्हणेल त्याला एकदाही आग्रह करायचा नाही. "तू आग्रह करतेस, आई. जेवायला वाढतेस तसा." मी कबूल केलं.

सुरुवात घरापासून केली आणि पहिल्याच घासाला खडा लागला. नवरा म्हणाला, "मी सही करणार नाही."

त्याची बाजूही सांगायला हवी. आमची ग्रीन कार्डची फाइल एफबीआयकडच्या नावाच्या तपासणीत अडकून पडली होती. ऑफिसातल्या एकाची तशीच तीन वर्षं अडकली होती. त्या दिवसांत आमच्यातले सगळेच कागदाला घाबरायचे, वाचनालयात कुठलं पुस्तक घ्यावं याचासुद्धा विचार करायचे. तो म्हणाला, "सरकारला जाणाऱ्या कुठल्याही कागदावर मला नाव नकोय. आणि तू मला न विचारता माझी सही केलीस? कमाल आहे तुझी!"

"देवमाशाच्या कागदावर केली, तुझ्या इस्टेटीच्या नाही!" मी कडाडले. "पुण्याची माणसं तुम्ही, सही करायलाही मुहूर्त बघणार!"

"आणि नागपूरच्यांना दुसऱ्याच्या सह्या करायलाही परवानगी लागत नाही!"

लेक जिन्यावर उभी होती. मला वाटलं, आता रडणार. ती खाली आली, जुना कागद टेबलावर ठेवला, लाल पेनने बापाच्या नावावर सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "नो." मग म्हणाली, "इट्स ओके, बाबा. ते तुझं नाव आहे." आणि कोट घालायला गेली. मग आम्हा दोघांत अबोला सुरू झाला, तो वेगळा.

दोन आठवडे शाळा सुटली की आम्ही निघायचो. बर्फात गाडी लावायची, बेल वाजवायची, आत जाऊन आधी मी बोलायचं. "त्या दिवशी माझ्या घरी चूक झाली. तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहिलं गेलं. माफ करा." सांगायला सोपं वाटतं. बायका माझ्या मैत्रिणी, पण त्यांचे नवरे समोर बसलेले, आणि मी मास्तरीण! पहिल्या दोन घरी मी गालिच्याकडे बघूनच बोलले. शिवाय त्या बायकांचीही पंचाईत, कारण निम्म्यांनी घरी काही सांगितलंच नव्हतं. एका घरात आमच्यासमोरच जुंपली.

मग लेक बोलायची. तीच ती भाल्याची, पिल्लाची गोष्ट. पण रोज थोडी जास्त नीट, थोडी जास्त मराठीत. तिसऱ्या दिवशी ती 'बेबी' सोडून 'पिल्लू' म्हणाली. मी काही बोलले नाही, पण मनात टाळी वाजवली. मुंबईच्या एका काकांनी तिची उलटतपासणी घेतली. "अलास्कातले लोक स्वतः मारतात की देवमासे! त्यांना का नाही बोलत?"

"काका, ते तिथलेच लोक आहेत. हजार वर्षांपासून. गावाला खायला लागतं तेवढंच मारतात, आणि तेही मोजून दिलेलं असतं. दुकानात विकत नाहीत." काका म्हणाले, "आणि इंडिया? इंडियाला काय पडलंय?" ती म्हणाली, "इंडिया त्या मीटिंगमध्ये आहे, काका. इंडिया व्हेल्सच्या साइडला व्होट करतो." काका ताठ बसले. "काय सांगतेस!" त्यांनी चष्मा लावला, पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, एक स्वल्पविराम चुकला आहे म्हणून सांगितलं आणि झोकात सही केली. मलाही ते तिथेच, त्या सोफ्यावर बसून कळलं. छाती फुगली माझी. समुद्र लांबूनच पाहिलेल्या माणसाच्या देशानेही समुद्राची बाजू घेतलेली असू शकते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांना फोन गेला होता त्या काकांकडे जायची मला सगळ्यात भीती होती. त्यांनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्यामुळे माझी दोन दिवस झोप उडाली हो, वहिनी." मी हात जोडले. लेक म्हणाली, "काका, आय ॲम सॉरी. तुमचं नाव मी तुमच्यासमोर कट करते." तिने जुन्या कागदावर लाल रेघ मारली, 'नो' लिहिलं आणि त्यांना दाखवलं. काकांनी आम्हाला चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला आले, गाडीच्या काचेवरचा बर्फ स्वतः खरवडून दिला. सही मात्र केली नाही. लेकीने मागितलीही नाही.

साठ ओळींमधल्या सव्वीस लाल झाल्या. नव्या कागदांवर चौतीस सह्या झाल्या. त्यात शेवटची माझी. मी पेन उचललं तर लेकीने कागद ओढून घेतला. "यू हॅव टू रीड इट, आई." मी बसले आणि वाचलं. सहावीतल्या मुलांनी लिहिलेलं दीड पानाचं पत्र, पण दोनदा वाचलं, आणि मग सही केली. माझी स्वतःची.

ठरल्या दिवशी मी तिच्याबरोबर वर्गात गेले. क्लबची सगळी मुलं होती, तो सह्यांबद्दल विचारणारा मुलगाही होता. इतरांचे कागद माझ्या डोळ्यांसमोर, कुणाच्या साठ सह्या, कुणाच्या ऐंशी. लेकीने नवे कागद पुढे केले आणि त्यांच्याखाली जुनेही ठेवले, लाल रेघांचे. मी तिला सकाळी सांगितलं होतं, की जुने कशाला दाखवतेस, झाकली मूठ राहू दे. तिने ऐकलं नव्हतं.

बाईंनी चष्मा खाली केला आणि एकेक नाव दोन्हीकडे ताडून पाहू लागल्या. मी नागपूरच्या शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उभी राहायचे तशी भिंतीला टेकून उभी होते. त्यांचं बोट जुन्या कागदावर एका ओळीवर थांबलं.

"हे आडनाव तुझंच आहे ना?"

"माझे बाबा आहेत ते."

"आणि त्यांनी सही नाही केली?"

"ते नाही म्हणाले," लेक म्हणाली. सगळ्या वर्गासमोर. आवाज जराही कापला नाही. "म्हणून ते यात नाहीत."

बाईंनी ते चौतीस सह्यांचे कागद उचलले आणि सगळ्या गठ्ठ्याच्या वर ठेवले. म्हणाल्या, "या यादीतल्या कुणालाही मला फोन करायची गरज नाही."

मी पार्किंग लॉटमध्ये येऊन रडले. आनंदाने रडले, उगाच का लपवू? लेक म्हणाली, "आई, प्लीज, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू दे बापा!"

संध्याकाळी मी अबोला मोडला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "सगळ्यांसमोर म्हणाली, बाबा नाही म्हणाले?" मी म्हटलं, "हो. आणि मान खाली न घालता म्हणाली." त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो उठून तिच्या खोलीत गेला. काय बोलला ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही, पण बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

अलास्कातल्या सभेत बंदी उठली नाही. त्या डिसेंबरात, जपानी बोटी दक्षिणेकडे निघालेल्या असताना बातमी आली की या हंगामात हंपबॅक मारणार नाहीत. देशोदेशींचा दबाव फार झाला होता. फोन नुसते खणखणत होते. हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका, मुंबईचे काका, आणि सही न केलेले ते मागच्या गल्लीतलेही. "आपल्यामुळे झालं हो!" लेक प्रत्येकाला तेच सांगत होती, की आपल्यामुळे नाही झालं, काका, फार लोकांमुळे झालं. आणि फक्त हंपबॅक वाचलेत, बाकीचे मारणारच आहेत, आणि हेही एकाच वर्षापुरतं आहे. आनंदाच्या दिवशीही पोरगी एक शब्द वाढवून सांगेना!

मी मात्र सांगते. त्या गठ्ठ्यात शेकडो सह्या होत्या, त्यांत आमच्या चौतीस. आणि तुम्ही आज जरी त्यातल्या कुणालाही फोन केलात, तरी तो माणूस म्हणेल, हो, ती माझीच सही आहे, मी वाचून केली आहे.